हल्ली मुक्काम इंदूर

काही वर्षांपूर्वी आम्ही नाशिकला गेलो होतो. मातोश्रींचे माहेर त्या बाजूचे. आपल्या अस्थी गोदावरीत जाव्यात अशी त्यांची इच्छा होती, तेवढेच निमित्त. वडिलांच्या वेळी हे कार्य ओंकारेश्वरी नर्मदेवर झाले होते. त्यामुळे नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांशी आमचा प्रत्यक्ष संबंध कधी आला नव्हता. रामकुंडावर पोचताच एका वयस्क गुरुजींनी दोनच प्रश्न केले. आडनाव काय, आणि मूळ गाव कोणते? आडनाव आम्ही चटकन सांगितले. गावापाशी मात्र क्षणभर अडखळलो आणि "इंदूर" म्हणालो. गुरुजी हसले. "ते राहण्याचे झाले हो. मूळ गाव सांगा." तेव्हा लहानपणी ऐकलेले राजापूरकडचे एक नाव आठवले आणि आम्ही ते उच्चारले. अर्ध्या तासात आमच्या कुळाची वही समोर आली.

पहिली नोंद शके १७६४ ची, म्हणजे इसवी सन १८४२ च्या सुमाराची. लिपी मोडी. आम्हांस ती वाचता येईना, म्हणून गुरुजींनीच वाचून दाखविली. कुळपुरुषाचे नाव, त्याच्या वडिलांचे व आजोबांचे नाव, बरोबर आलेल्या बायकांची व मुलांची नावे, येण्याचे कारण. आणि शेवटी 'राहणार मौजे अमुक, प्रांत राजापूर, हल्ली मुक्काम इंदूर.' पुढची नोंद चाळीस वर्षांनंतरची. तिच्याही शेवटी 'हल्ली मुक्काम इंदूर'. शेवटची नोंद आमच्या आजोबांच्या हातची, बाळबोध अक्षरात, १९५१ ची. तेव्हा आमच्या घराला माळव्यात येऊन शंभरहून अधिक वर्षे लोटली होती. तरी आजोबांनीही तेच तीन शब्द लिहिले होते. त्यानंतरची जागा कोरी होती.

त्या कोऱ्या जागेने आम्हांस विचारात पाडले. १९५१ नंतर आमचे घर काही घरकोंबडे झाले नव्हते. उलट, आजोबांनी जन्मभरात जितका प्रवास केला असेल तितका आमच्या मुलाने नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत केला. सिमला, केरळ, अंदमान, सिंगापूर, सगळे झाले. नाशिक तेवढे राहिले. माणूस सवड मिळाली की कोणीकडे जातो, ही गोष्ट वरवर खासगी आवडीनिवडीची वाटते. परंतु इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार, बडोदे अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी घरांच्या बाबतीत तो इतिहासाचा विषय आहे. आपण कोठले, या प्रश्नाचे उत्तर ही घरे शब्दांनी कमी आणि प्रवासाने अधिक देत आली. तो प्रवास कसा बदलला, आणि त्याबरोबर ते उत्तर कसे बदलले, हे येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

आपले पूर्वज अठराव्या शतकात नर्मदेच्या उत्तरेस आले ते मोहिमांच्या मागोमाग. होळकर मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे, शिंदे साताऱ्याकडील कण्हेरखेडचे, गायकवाड पुण्याजवळच्या दावडीचे. सरदारांबरोबर शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य, सोनार, शिंपी, सर्व प्रकारची घरे आली. सरदारांनी माळव्यात वाडे बांधले. पण कुलदैवते हलविली नाहीत. होळकरांचा खंडोबा जेजुरीलाच राहिला आणि शिंद्यांचा जोतिबा कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीवर. जोतिबाचे देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधविले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या सुमारास माळव्यात त्यांचे पाय रोवले जात होते, त्याच सुमारास दक्षिणेतल्या देवाचे देऊळ उभे राहत होते. पुढे पंढरपुरासही चंद्रभागेच्या काठी होळकरांचे व शिंद्यांचे वाडे झाले. लग्न झाले, मूल झाले, नवस फेडावयाचा असला की दक्षिणेकडे जावयाचे, ही रीत सरदारांची. आणि तीच कारकुनाची.

दुसरी दिशा पूर्वेची, म्हणजे काशी, प्रयाग व गया या त्रिस्थळीची. बाजीरावसाहेबांच्या मातोश्री राधाबाई यांनी १७३५–३६ मध्ये केलेली उत्तरेची यात्रा प्रसिद्धच आहे. उदयपूर, जयपूर, मथुरा, प्रयाग, काशी, गया असा तो प्रवास. राजपूत दरबारांनी त्यांचा जो मानसन्मान केला, त्यामागे पेशव्यांशी सलोखा राखण्याचा हेतू होताच. म्हणजे यात्रा ही केवळ पुण्याची बाब नव्हती. घराण्याची ओळख आणि पत यांचीही ती बाब होती. अहिल्याबाई होळकरांनी तर यात्रेकरूंची वाटच बांधून काढली. काशीविश्वनाथाचे मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभारले हे सर्वांना ठाऊक असते. पण ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे ही त्यांची कामे सामान्य यात्रेकरूला अधिक उपयोगी पडली असतील. महेश्वरी बसून त्यांनी देशभरच्या वाटसरूंच्या मुक्कामाची सोय केली. ज्या घरांची स्वतःचीच स्थिती 'हल्ली मुक्काम' अशी होती, त्यांना मुक्कामाचे महत्त्व कोणी निराळे सांगावयास नको होते.

हा प्रवास किती दिवसांचा, याचा थोडा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. आग्रा–मुंबई रस्त्याने इंदूरहून सेंधवा, धुळे यांवरून नाशिक सुमारे ४०० किलोमीटर पडते. बैलगाडीने दिवसाला पाच-सहा कोस धरले तर तीन आठवड्यांहून अधिक काळ लागावयाचा. त्यापुढे राजापूरकडचे गाव म्हणजे घाट उतरून आणखी तितकाच पल्ला. जाऊन येण्यात चार महिने सहज निघून जात, आणि पावसाळा टाळावयाचा म्हणून आठ महिन्यांतच सर्व बसवावे लागे. त्यामुळे असा प्रवास माणसाच्या आयुष्यात एकदा किंवा दोनदा घडे. काशीला जाणाऱ्यास गावचे लोक वेशीपर्यंत पोचवीत, आणि तो सुखरूप परतला तर मावंदे घालीत. आज हा शब्द मुलांना माहीत नसतो. गंगेच्या पाण्याची पूजा करून इष्टमित्रांस भोजन घालावयाचे, ते मावंदे. परत येणे हीच ज्या काळी समारंभाची गोष्ट होती, त्या काळचा हा शब्द आहे.

त्या प्रवासाचे जिवंत चित्र पाहावयाचे तर विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाकडे वळावे लागते. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक. घरावर कर्ज झालेले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून दक्षिणा भरपूर मिळेल, असे कानी आले म्हणून १८५७ साली ते उत्तरेकडे निघाले. महूच्या वाटेवर त्यांस बंडाची वार्ता कळली. पुढे ग्वाल्हेर, झाशी अशा ठिकाणी त्यांनी जे पाहिले, विशेषतः झाशीच्या वेढ्यात जे भोगले, ते त्यांनी उतारवयात लिहून काढले, आणि चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. इतिहासकार त्यात सत्तावन सालाचा वृत्तान्त शोधतात. आम्हांस त्यात दुसरीही एक गोष्ट दिसते. सर्वस्व लुटले गेले तरी हा मनुष्य आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेची कावड खांद्यावरून वरसईस घेऊन येतो. प्रवास कशासाठी करावयाचा याविषयी त्याच्या मनात संभ्रम नाही. धन मिळवावयास निघाला होता, धन मिळाले नाही. पण कावड घरी पोचली.

आगगाडीने हे सर्व बदलले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा ३४ किलोमीटरचा पहिला प्रवास झाला. थळ घाटातून लोहमार्ग वर आला आणि १८७० मध्ये मुंबई–कलकत्ता मार्ग जबलपूरवरून जोडला गेला. या मार्गावरचे खांडवा हे माळव्याचे दक्षिणद्वार ठरले. इंदूरचे तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खांडवा–इंदूर मार्गासाठी सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षांची आणि व्याज साडेचार टक्के. १८७० च्या दशकात हा मीटरगेज मार्ग टप्प्याटप्प्याने पुरा झाला. मोरटक्क्याला नर्मदेवर पूल झाला, आणि कालाकुंड–पाताळपाणीच्या घाटात बोगदे खोदून गाडी माळव्याच्या पठारावर चढली. महाराजांच्या मनात अफू आणि कापूस यांचा व्यापार असेल. परंतु आपल्या घरांपुरते पाहावयाचे तर या मार्गाने तीन आठवड्यांची वाट एका रात्रीवर आणली.

पंढरीला जाणाऱ्या माळव्यातील कुटुंबाला तर तीन तऱ्हांच्या रुळांवरून जावे लागे. इंदूर ते खांडवा मीटरगेज. खांडव्याला सामान उतरवून ब्रॉडगेज, मनमाडवरून दौंड, तेथून कुर्डुवाडी. आणि कुर्डुवाडीहून बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी, जी १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत पोचली. गाड्या बदलण्याच्या त्या कटकटीची वर्णने आम्ही आजीच्या तोंडून ऐकली आहेत. खांडव्याच्या फलाटावर रात्र काढणे हा यात्रेचाच एक भाग होता, आणि तेथे ग्वाल्हेर-उज्जैनकडची मराठी माणसे भेटत. सोयरिकीच्या गोष्टी तेथे निघत, असे आजी सांगे.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. जुन्या यात्रांचे गोडवे गाताना आपण सहसा विसरतो की ती वाट सर्वांना सारखी मोकळी नव्हती. आगगाडीच्या डब्यात सर्व जाती एकत्र बसू लागल्या, पण गाडी जेथे पोचवी त्या देवळात सर्वांना प्रवेश नव्हता. ज्या महू स्थानकावरून आमचे आजोबा नाशिकला जात, त्याच महूच्या लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील सैन्यात सुभेदार. मूळ गाव कोकणातले आंबडवे. म्हणजे तेही घर आपल्यासारखेच, मूळ गाव एक आणि मुक्काम दुसरा. परंतु नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात याच बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करावा लागला, आणि पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. आमच्या कुळाच्या वहीतील १९५१ ची नोंद पाहताना हे आम्हांस आठवले. त्या वहीत ज्यांची पाने नाहीत अशी मराठी घरे माळव्यात कमी नव्हती. आज महूला, ज्याच्या स्थानकाचेही नाव आता डॉ. आंबेडकर नगर आहे, दर चौदा एप्रिलला महाराष्ट्रातून लोकांचे थवेच्या थवे येतात. आपले पूर्वज दर्शनाला दक्षिणेस जात. ही मंडळी दर्शनाला माळव्यात येतात.

स्त्रियांचीही गोष्ट निराळी आहे. घरच्या बाईला उंबरठ्याबाहेर नेणाऱ्या वाटा दोनच होत्या, माहेर आणि यात्रा. म्हणून यात्रेची ओढ बायकांना अधिक असे, आणि पुरुषांना ते भक्तीचे लक्षण वाटे. भक्ती होतीच, पण चार महिने नवे गाव, नवे पाणी, नवी माणसे दिसत, हाही त्यातला लाभ होता. तथापि चूल त्यांच्याबरोबर जाई. सोवळ्याची वेगळी बोचकी, पितळी डबे, पुढच्या काळात स्टोव्ह, हे सर्व घेऊन धर्मशाळेच्या ओसरीवर दोन वेळचा स्वयंपाक त्यांनीच करावयाचा. पुरुषांचा प्रवास होई. बायकांचे घर तेवढे जागा बदली.

आता 'सुट्टी' या गोष्टीकडे वळू. आपल्या जुन्या जीवनात सण होते, व्रते होती, अनध्याय होते. आठवड्याची ठराविक सुट्टी नव्हती. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी, १० जून १८९० रोजी. कचेऱ्या आणि शाळा यांनी वर्षाला निराळेच वळण दिले. पूर्वी प्रवासाचा काळ ऋतू आणि पंचांग ठरवीत; आता शाळेचे वेळापत्रक ठरवू लागले. उन्हाळ्याचे दोन महिने मुले मोकळी, म्हणून प्रवास उन्हाळ्यात. आणि तो प्रवास आजोळी. यात्रा आयुष्यातून एकदा घडे, आजोळ दरवर्षी. दूर वसलेल्या घरांच्या दृष्टीने हा मोठाच फरक होता. इंदूरच्या मुलाला खानदेशातली किंवा नाशिककडची मामेभावंडे आता वर्षातून दोन महिने भेटू लागली. त्याची मराठी, जी माळवी आणि हिंदीच्या शेजारामुळे वेगळी झाली होती, तिला दर उन्हाळ्यात एक हात फिरवला जाऊ लागला. उलट त्यांच्याकडची मंडळी मे महिन्यात आमच्याकडे येत, कारण माळव्याच्या रात्री थंड. गच्चीवर ओळीने गाद्या पडत, आणि पहाटे पांघरूण ओढावे लागे, याचे जळगाव-भुसावळच्या पाहुण्यांना फार अप्रूप.

आमच्या लहानपणचा, म्हणजे १९७० च्या आसपासचा प्रवास अजून डोळ्यांपुढे आहे. पत्र्याच्या ट्रंका, सतरंजीत बांधलेली वळकटी, फिरकीचा तांब्या, खिडकीबाहेर टांगलेली पाण्याची छागल, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. कालाकुंड स्थानकावर पळसाच्या पानांत मिळणारा कलाकंद. परतीच्या वेळी घाट चढताना गाडीच्या मागे दुसरे इंजिन लागे आणि आम्ही दोन्ही इंजिनांच्या शिट्ट्या मोजत असू. त्या प्रवासाला कोणी 'सहल' म्हणत नसे. कोठे निघालात, असे शेजाऱ्याने विचारले की वडील म्हणत, "गावाला." वस्तुतः आमचे कोणतेच गाव उरले नव्हते. राजापूरकडची जमीन केव्हाच कुळाकडे गेली होती. आम्ही जात होतो मामाकडे. तरी शब्द तोच.

विश्रांतीसाठी प्रवास, ही कल्पना मात्र वेगळ्या वाटेने आली. तिचा एक धागा माळव्याशी जोडलेला आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि पुढच्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला. ती लढाई जिंकणारा आणि नंतर काही वर्षे माळव्याची व्यवस्था लावणारा सर जॉन माल्कम हाच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि त्यानेच १८२८ च्या सुमारास सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा मिळवून महाबळेश्वरचे आरोग्यस्थान वसविले. तेथील पेठेला त्याचेच नाव पडले. ज्या महाबळेश्वरास आपले लोक कृष्णेच्या उगमासाठी आणि शिवदर्शनासाठी जात, तेथे साहेब लोक थंड हवेसाठी जाऊ लागले. माथेरानची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली, आणि मुंबईचे मध्यमवर्गीयही डोंगरावर जाऊ लागले.

मराठी माणसाने ही कल्पना एकदम स्वीकारली नाही. तिला त्याने औषधाचे रूप दिले. 'हवापालट' हा शब्द पाहा. नुसते मजेसाठी जाणे बरे दिसत नसे. वैद्याने किंवा डॉक्टराने सांगितले म्हणून जाणे चाले. बडोद्याचे सयाजीराव महाराज १८८७ मध्ये प्रथम युरोपला गेले तेही प्रकृतीच्या कारणाने. पुढे ते वारंवार गेले आणि त्या प्रवासांतून ग्रंथालये, शिक्षण, संग्रहालये यांविषयीच्या किती कल्पना बडोद्यास आल्या, हे बडोदेकर वाचकांस आम्ही सांगावयास नको. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेचे प्रवासवृत्त १८८९ मध्येच मराठीत आणले होते. म्हणजे पाहण्यासाठी प्रवास, शिकण्यासाठी प्रवास ही दृष्टी आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातच होती. सामान्य घरांपर्यंत ती पोचावयास मात्र आणखी पाऊणशे वर्षे लागली.

ती पोचली त्याचे एक कारण सरकारी नोकरी. केंद्र सरकारने ऑक्टोबर १९५६ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी रजा-प्रवास-सवलत सुरू केली. मूळ कल्पना अशी की नोकरीमुळे घरापासून दूर पडलेल्या माणसाने दोन वर्षांतून एकदा आपल्या गावी जाऊन यावे. चार वर्षांतून एकदा भारतात कोठेही जाण्याची मुभा नंतर मिळाली. या सवलतीसाठी कर्मचाऱ्याला आपले स्वग्राम घोषित करावे लागे, आणि एकदा केलेली घोषणा साऱ्या नोकरीत एकदाच बदलता येई. आमची नोकरी राज्य सरकारची. पण ग्वाल्हेर-इंदूरच्या केंद्रीय कचेऱ्यांत आमचे आप्त पुष्कळ होते, आणि त्या फॉर्मवरची चर्चा आम्ही घरोघरी ऐकली आहे. कोणी 'रत्नागिरी' लिहावे? तेथे ना घर, ना माणूस. कोणी 'इंदूर' लिहावे? मग इंदुरातच नोकरी असताना सवलतीचा उपयोग काय? आमच्या एका आप्तांनी बायकोचे माहेर असलेले गाव लिहावे की काय, याचा आठ दिवस खल केला. लोक त्यावर हसत. आमच्या स्वतःच्या सेवापुस्तकात मात्र आम्ही काहीही विचार न करता 'इंदूर' लिहून मोकळे झालो होतो. आजोबांनी १९५१ मध्ये जे लिहिले, त्याच्या नेमके उलट. फरक आमच्या त्या वेळी लक्षातही आला नाही.

१९८० नंतर सहलीच्या कंपन्या आल्या. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये आपली संस्था काढली, पुढे आणखी कितीतरी निघाल्या, आणि मराठी जेवणाची सोय असलेली सहल ही मध्यमवर्गाच्या आवाक्यातली गोष्ट झाली. या सहलींची टिंगल करणे सोपे आहे. पण आमच्या पत्नीचे एक वाक्य आम्ही विसरत नाही. काश्मीरला पहिल्या दिवशी ताटावर बसल्यावर ती म्हणाली, "लग्नाला सव्वीस वर्षे झाली; प्रवासात वाढलेल्या ताटावर बसते आहे ती आज पहिल्यांदा." आजीने आणि आईने धर्मशाळेच्या ओसरीवर फुंकलेल्या चुली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी तरी सहलीला नावे ठेवू नयेत. शिवाय वहीत ज्यांची पाने नव्हती त्या घरांनाही या सहलींच्या गाडीत सारखीच खिडकी मिळाली. हा लाभ लहान नाही.

मग गमावले ते काय? आमच्या मते, गमावली ती नोंद. यात्रेचा प्रवास हा पूर्वी कोणीतरी केलेला असे आणि पुढे कोणीतरी करावयाचा असे. आपण जेथे पोचतो तेथे आपल्या पणजोबांची सही असते, आणि आपण खाली आपली करतो. सहल प्रत्येक वेळी नवी असते. मनालीला आमच्या आधी आमचे कोणी गेले नव्हते, आणि आम्ही गेलो होतो हे मनालीला माहीत नाही. छायाचित्रे हजारो निघतात. पण घरातील तिसऱ्या पिढीला त्यांतले कोण कोणाचे, हे सांगणारा राहत नाही. दोनशे वर्षे दूर राहूनही ही घरे तुटली नाहीत याचे श्रेय आपण भाषेला, सणांना, मंडळांना देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु दर पिढीत एकदा तरी कोणीतरी उठून दक्षिणेस जाऊन आपले नाव लिहून येई, हेही एक कारण आहे.

खांडव्याची ती मीटरगेज आता उरली नाही. ब्रॉडगेजच्या कामासाठी तिचे टप्पे एकेक करून बंद झाले. महूहून ओंकारेश्वर रोडकडे जाणारी शेवटची गाडी २०२३ मध्ये थांबली. पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्या तुकड्यावर २०१८ मध्ये पर्यटकांसाठी वारसा-गाडी सुरू झाली. ज्या घाटातून आपले पूर्वज देवाला गेले, तो घाट आता स्वतःच सहलीचे ठिकाण झाला आहे.

नाशिकची गोष्ट पुरी करून थांबतो. विधी आटोपल्यावर गुरुजींनी वही आमच्यापुढे ठेवली आणि पेन हाती दिले. मुलगा शेजारी बसला होता. तो बंगळूरला असतो, आणि त्याची मुलगी तेथेच जन्मलेली. आम्ही आईचे नाव लिहिले, वडिलांचे लिहिले, १९५१ नंतर घरात जन्मलेल्या आणि गेलेल्या सर्वांची नावे आठवून आठवून लिहिली. पानाच्या डोक्यावर मूळ गाव होतेच. त्याला हात लावण्याचे कारण नव्हते. आमच्या नावापुढे मात्र आम्ही 'राहणार इंदूर' असे लिहिले. 'हल्ली मुक्काम' लिहवेना. ज्या गावात सहा पिढ्या जन्मल्या, त्याला मुक्काम म्हणणे खोटे झाले असते.

मग पेन मुलाकडे दिले. त्याने आमची ओळ वाचली, वरच्या आजोबांची ओळ वाचली, आणि थोडा थांबून आपल्या नावापुढे लिहिले, 'राहणार इंदूर, हल्ली मुक्काम बंगळूर.' त्याला हे कोणी सांगितले नव्हते. गुरुजींनी शाई वाळू दिली आणि वही बांधून ठेवली.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी मुले उन्हाळ्यात कोठे जावयाचे याचा विचार करीत असतील, त्यांना आम्ही इतकेच सुचवू की जेथे जावयाचे तेथे अवश्य जा; पण वाटेत नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर लागत असेल, किंवा जेथे आपल्या घराची नोंद असेल असे कोणतेही ठिकाण लागत असेल, तर एक दिवस मोडा. आणि ज्यांच्या घराची वही कोठेच नाही, त्यांनी ती आजपासून घरीच घालावी. साधी शंभर पानी वही पुरते.